साखरपुड्याची थाप

"मी मागे बसते. वृंदा, तू बस आज पुढे," असं म्हणत आई मागचं दार उघडून बसल्यासुद्धा.

निरंजनने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. तीन महिन्यांत माझ्या सासूबाईंनी आमच्या गाडीतली पुढची जागा एकदाही सोडली नव्हती. "मागून नुसत्या तुमच्या मानगुटी दिसतात, स्कॉटलंड दिसत नाही," हे त्यांचं म्हणणं. त्यामुळे मी आपली कायम मागे, किराण्याच्या पिशव्यांच्या सोबतीला. एरवी या बढतीने मी खूश झाले असते. त्या दिवशी मात्र, त्या मागे बसल्या तर त्यांना निरंजनचा चेहरा दिसणार नाही, एवढंच माझ्या मनात आलं आणि मी चटकन पट्टा लावून टाकला.

त्या दिवशी पहाटेच मिरजेहून फोन आला होता, अप्पा गेले. आईंचे यजमान, निरंजनचे वडील. आणि आईंना ते सांगायचं नाही, असं ठरलं होतं.

ठरवलं अप्पांच्या धाकट्या भावाने, बाळूकाकांनी. फोनवर त्यांचा आवाज रडून बसला होता, पण हुकूम स्पष्ट होता. "वहिनींना अवाक्षर कळता कामा नये. स्टेंट बसवलेली बाई आहे, विमानात काही झालं तर काय कराल? मी अप्पाला शवागारात ठेवतो. तुम्ही त्यांना घरी आणा. इथं आम्ही सगळे आहोत, इथं काय ते सांगू."

आपल्याकडे हे असंच चालतं. माणूस गेलेलं असतं आणि निरोप जातो, "सीरियस आहे, निघून या." ज्याला निरोप मिळतो ते बिचारं धावतपळत येतं, दारात चपलांचा ढीग दिसतो आणि मग त्याला कळतं. मला ही रीत कधीच पटलेली नाही. मी म्हटलंही, "सांगून टाकू, निरंजन. नवरा आहे तो त्यांचा."

"आणि तिला काही झालं तर?" तो म्हणाला. "एका दिवसात दोघंही?"

त्याचा बाप गेला होता. मी तिकिटं शोधायला बसले.

आईंचं परतीचं तिकीट दुसऱ्याच दिवसाचं, सोमवारचं होतं. आम्ही दोघांनी त्याच विमानाची तिकिटं काढली. रविवारची ही सहल महिन्याभरापूर्वीच ठरलेली होती. पर्थहून, म्हणजे आमच्या स्कॉटलंडातल्या पर्थहून निघायचं, डोंगरातून लॉक टे नावाच्या लांबलचक तळ्याकडे जायचं आणि संध्याकाळी परत. ती रद्द करावी तर कारण काय सांगणार? शिवाय घरी बसलो असतो तर अर्ध्या मिरजेचे फोन आले असते. आईंचा फोन "चार्जच होत नाहीये" असं सांगून मी पिठाच्या डब्यामागे दडवला आणि आम्ही निघालो.

गाव मागे पडल्यावर निरंजनने घसा साफ केला. "आई, आम्ही दोघंही येतोय उद्या तुझ्याबरोबर."

"दोघंही? ते का रे?"

"वृंदाच्या मावसभावाचा साखरपुडा आहे. एकदम ठरला."

हे मला नवीनच होतं. मला एकच मावसभाऊ आणि तो दोन पोरांचा बाप. पण आईंना ते ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. मी मान हलवली. "हो ना. अगदी अचानक."

"बरं," आई म्हणाल्या. "छान झालं."

एवढंच. एरवी मुलगी कुठली, शिकलीय काय, पत्रिका जुळली का, घरचे किती जण, अशी तासभर उलटतपासणी झाली असती. मी मनातल्या मनात देवाचे आभार मानले.

ऑक्टोबर लागला होता. डोंगरउतारांवरचं नेचं सुकून तांबूस झालेलं, बर्चची पानं पिवळी पडलेली, आणि रस्त्याच्या कडेच्या रोवनच्या झाडांना लालभडक फळांचे घोस. ऊन होतं, पण त्यात दम नव्हता. आकाशातून रानहंसांची एक रांग कलकलाट करत दक्षिणेकडे चालली होती. इतका देखणा दिवस आम्हाला त्या अख्ख्या वर्षात मिळाला नसेल, आणि मला त्याचा संताप येत होता. पावसाने झोडपलं असतं तर बरं वाटलं असतं.

"केवढं शांत आहे," मागून आई म्हणाल्या. "माणूस म्हणून दिसत नाही. इथं कुणी गेलं तर खांदा द्यायला चार जण कुठून आणत असतील?"

गाडी जराशी डगमगली. "असतात गं," निरंजन म्हणाला. "शेजारीपाजारी असतात."

अॅबरफेल्डी नावाच्या छोट्या गावात आम्ही थांबलो. तिथे लोकरीच्या कपड्यांचं एक दुकान होतं. आई सरळ आत गेल्या आणि मफलरींच्या मांडणीपाशी उभ्या राहिल्या.

"ह्यांच्यासाठी एक घ्यायचीय. थंडीत फिरायला जातात आणि मग महिनाभर खोकत बसतात."

निरंजन म्हणाला, "मी जरा बाहेर आहे. आत फार गरम होतंय." आणि तो गेलाच.

दुकानातली पांढऱ्या केसांची बाई हसत पुढे आली. तिने विचारलं, कुणासाठी हवीय? मी भाषांतर करायच्या आत आईच म्हणाल्या, "फॉर माय हजबंड. ही इज टॉल."

"लकी मॅन," ती बाई म्हणाली.

आईंनी एक निळी मफलर गळ्यापाशी धरून पाहिली, ठेवून दिली. एक राखी पाहिली, तीही ठेवली. शेवटी तपकिरी चौकड्यांची एक उचलली. "निळी ते घालणार नाहीत. शाळेचा गणवेश वाटतो म्हणतील." मग दाराच्या काचेतून बाहेर बघितलं. निरंजन रस्त्यापलीकडे पाठ करून उभा होता. "घे गं बांधून," त्या मला म्हणाल्या. "उशीर नको. तो खोळंबलाय."

त्यानंतर चहा. आईंना त्या देशात एकच पदार्थ मनापासून आवडायचा, तो म्हणजे स्कोन. वर साय आणि जॅम लावून त्या दोन-दोन खायच्या आणि "आपल्या खाऱ्या बिस्किटाचा श्रीमंत भाऊ" म्हणायच्या. त्या दिवशी त्यांनी कोरा चहा घेतला. "सकाळपासून पोट जड आहे." निरंजनही बशीकडे नुसता बघत होता. त्यांनी एक स्कोन मोडला, अर्धा त्याच्या हातात दिला.

"खा."

"भूक नाहीये गं."

"खा म्हणते ना. तुला गाडी चालवायचीय."

त्याने खाल्ला. बेचाळीस वर्षांचा माणूस, पण त्याला तो घास गिळताना बघवत नव्हतं. मी खिडकीबाहेर बघत बसले आणि आणखी एका गोष्टीबद्दल नशिबाला धन्यवाद दिले. दुपार होत आली होती, आणि रोज या वेळेला "ह्यांचा फोन कसा नाही आला?" म्हणून घर डोक्यावर घेणाऱ्या आईंनी सकाळपासून फोनचं नावसुद्धा काढलं नव्हतं.

तळ्याच्या अलीकडे एक चिमुकलं गाव आहे. चारसहा घरं, एक चर्च, आणि चर्चच्या आवारात यूचं एक फार म्हातारं झाड. ते बघायला माणसं लांबून येतात. झाडाभोवती दगडी भिंत आणि बाजूला थडगी.

"तुम्ही बघा, मी पेट्रोल भरून येतो," निरंजन म्हणाला. टाकी अर्धी भरलेली होती. त्याला काकांना फोन करायचा होता, हे मला माहीत होतं.

मला वाटलं, आई काही मसणवट्यात पाय ठेवायच्या नाहीत. पण फाटक ढकलून त्या आधी आत. झाडाकडे त्यांनी ओझरतं पाहिलं आणि थडग्यांच्या मधून चालत एका बाकावर जाऊन बसल्या. समोर शेवाळलेला एक उंच दगड होता.

"काय लिहिलंय त्याच्यावर? वाच."

मी वाचलं. कुणी डंकन नावाचा शेतकरी. खाली त्याची बायको, एल्स्पेथ. "गंमत बघा आई, बायकोचं आडनाव माहेरचंच लिहिलंय. इथं तशी पद्धत आहे म्हणे. दगडावर बाईला माहेरचं नाव परत मिळतं."

"आधी कोण गेलं?"

"नवरा."

"आणि ती?"

"ती पुष्कळ जगली. तीसेक वर्षं."

"तीस," आई म्हणाल्या. वाऱ्याने पदर उडत होता, तो त्यांनी गच्च लपेटून घेतला. मग दगडाकडेच बघत त्यांनी विचारलं, "आमचे हे किती वाजता गेले गं?"

मी काही तरी "अहो आई, काय बोलताय" असं पुटपुटायला लागले, पण त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. तो बर्फासारखा गार होता. आणि मग खोटं बोलणं मला जमेना.

"सकाळी," मी म्हटलं. "तिकडच्या सकाळी. बाळूकाका किल्ली मागायला गेले तर खुर्चीत बसलेले दिसले. त्रास काही झाला नाही, आई. झोपल्यासारखे होते म्हणे."

"चहा झाला होता का?"

"अं?"

"ते सकाळी चहा केल्याशिवाय खुर्चीत टेकत नाहीत. जवळ कप होता का?"

"ते नाही विचारलं मी."

"विचार," त्या म्हणाल्या. "सावकाश विचार कधीतरी."

मी रडायला लागले. रडायचं त्यांनी, आणि रडत होते मी. त्या माझी पाठ थोपटत राहिल्या.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? मी आल्यापासून माझ्या समाधानासाठी का होईना, निरू रोज पूजा करतोय. आज पहाटे तो डोक्यावरून न्हाला आणि देव मात्र तसेच पारोसे. दिवा नाही, फूल नाही. सुतक लागलंय एवढं मला तिथंच कळलं. कुणाचं ते कळेना. म्हटलं, असेल कुणी लांबचं."

मी कपाळावर हात मारून घेतला. तोंडाने थापा मारायला निरंजन तयार झाला होता, पण सुतकात देवाला हात लावायचं धाडस काही त्याला झालं नव्हतं.

"मग तुम्ही तो साखरपुडा काढलात," आई म्हणाल्या. त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, हसू की काय ते देव जाणे. "अगं, पितृपक्षात साखरपुडा कोण करतं?"

त्या वर्षी अधिक महिना आला होता, त्यामुळे पितृपक्ष ऑक्टोबरपर्यंत लांबला होता. माझ्या स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं होतं. मी त्यात फक्त चतुर्थी आणि सुट्ट्या बघायची. निरंजन तर तेवढंही बघायचा नाही.

"आणि लांबचं कुणी असतं तर सांगितलं असतंत की," त्या म्हणाल्या. "मला सांगता येणार नाही असं तिकडे एकच माणूस आहे."

वारा पडला होता. लांब डोंगरात एक नर हरीण हंबरल्यासारखं ओरडत होतं. या दिवसांत ती ओरडतात, माजावर येतात म्हणून. मला ते फार भेसूर वाटलं.

"निरंजनला सांगू या," मी म्हटलं. "येईलच तो आता. दोघं एकमेकांजवळ रडून मोकळे व्हा."

"नाही. त्याला काही सांगायचं नाही."

"का पण?"

"तुम्ही मला सांगत नाही तोवर मी सवाष्ण आहे गं," त्या म्हणाल्या. त्यांनी कपाळाला हात लावून कुंकू जाग्यावर आहे ना, ते पाहिलं. "परवा उंबरठ्यात पाय टाकला की बायका आहेतच. तोवर राहू दे मला. शब्द दे."

मी शब्द दिला. मला ती सगळीच रीत चीड आणणारी वाटते, आजही वाटते. पण त्या बाकावर बसून त्यांच्याशी वाद घालायची माझी टाप नव्हती.

निरंजन फाटकातून आला. डोळे लाल झालेले. "वारा फार आहे," तो म्हणाला.

"हो ना," आई म्हणाल्या. "डोळ्यांत जातोय."

पुढे तळ्याच्या काठाकाठाने रस्ता होता. निळंकाळं पाणी, पलीकडे डोंगर, मधूनच एखादं पांढरं घर. आता आई बोलायला लागल्या. "निरू, तुला सायकल कुणी शिकवली रे? मला आठवेना झालंय."

"अप्पांनी, दुसरं कोण शिकवणार? रेल्वेच्या ग्राउंडवर."

"पडला होतास ना?"

"पडलो? त्यांनी मागून धरलंय असं म्हणत सोडून दिलं होतं! मी आपला बोलतोय त्यांच्याशी, आणि ते तिकडे लांब शेंगदाणे खात उभे."

तो हसला, आणि हसता हसता त्याचा आवाज फुटला. त्याने तो खोकल्यात लपवला. आईंनी ऐकलंच नाही असं दाखवून पुढचा प्रश्न काढला. ती हंपीची सहल आठवते का? तू दहावीला होतास तेव्हा ते रात्री तुझ्याबरोबर जागत बसायचे आणि घोरायला लागायचे, ते? तो सांगत सुटला. अर्ध्या गोष्टी मीही कधी ऐकल्या नव्हत्या. डोळे पुसायचा, हसायचा, परत सांगायचा. सकाळपासून दगडासारखा झालेला माणूस पर्थ येईपर्यंत मोकळा झाला होता. त्याला वाटत होतं, आपण आईचं मन रमवतोय. मागून त्या फक्त "हो का?", "मग रे?" एवढंच म्हणत होत्या. मी एकदाही मागे वळून पाहिलं नाही. माझ्याने पाहवलं नसतं.

मिरजेत गल्लीच्या तोंडाशी टॅक्सी वळली तेव्हा दारात चपला दिसल्या. निरंजनने आईंच्या खांद्याला धरलं. उंबरठ्याशी तो म्हणाला, "आई, अप्पा..." आणि त्याला पुढे बोलता येईना.

मला भीती वाटत होती की आता आईंना नाटक करावं लागणार. नाटक कसलं! त्या मटकन खाली बसल्या आणि असा हंबरडा फोडला की बाळूकाकांनी भिंतीचा आधार घेतला. दोन दिवस कोंडलेलं सगळं बाहेर आलं. निरंजन त्यांना छातीशी धरून सारखं म्हणत होता, "मी आहे आई, मी आहे." नंतर बायका जवळ सरसावल्या तेव्हा आईंनी त्यांचे हात बाजूला केले. कुंकू त्यांनी स्वतःच्या पदराने, स्वतःच पुसलं.

चहाचं मी काकांना विचारलं. कप होता, रिकामा. आईंना ते सांगितलं तेव्हा त्यांनी "बरं झालं" म्हणून डोळे मिटून घेतले.

पुढे दर वर्षी अप्पांच्या श्राद्धाला पानं उठली, माणसं ओसरीवर सुपारी कातरत बसली की निरंजन ती गोष्ट सांगायचाच. "दोन दिवस मी आईला काही कळू दिलं नाही. छातीवर दगड ठेवून गाडी चालवली. बिचारी अख्खी सहल आनंदात होती." पाहुणे माना डोलवायचे. "शाब्बास रे बाबा. मुलगा असावा तर असा." आणि आई म्हणायच्या, "खरंच हो. मला मेलीला काही पत्तासुद्धा नव्हता."

एकदा मला राहवलं नाही. स्वयंपाकघरात खिरीचं पातेलं रिकामं करताना मी त्यांना गाठलं. "आई, तेव्हाचं मी समजू शकते. सवाष्णपणाचं म्हणालात, ठीक आहे. पण आता कसलं लपवायचं? आता सांगून टाका की त्याला."

आई पाटावर बसल्या होत्या. त्यांनी बाहेर कानोसा घेतला. निरंजनचा आवाज येत होता, गोष्ट अॅबरफेल्डीच्या दुकानापर्यंत आली होती.

"सवाष्णपणाचं मी तुला गप्प करायला सांगितलं," त्या म्हणाल्या. "ते खोटं नव्हतं. पण तेवढंच नव्हतं."

"मग?"

"बाप एकटा गेला, आणि हा सातासमुद्रापलीकडे. पाणीसुद्धा घालता आलं नाही त्याला. मुलाला हे मरेपर्यंत टोचत असतं, वृंदा. कुणाला दाखवत नाही तो, पण टोचतं. त्यावर औषध म्हणून त्याच्याकडे काय आहे? आईला तरी आपण जपलं, एवढंच. ते पण मी काढून घेऊ?"

बाहेरून हाक आली. "आई, सांग ना यांना! तुला जरासुद्धा शंका आली होती का?"

त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या. पदराने तोंड पुसलं. "आले रे," म्हणाल्या आणि बाहेर गेल्या.

आई जाऊनही आता काही वर्षं झाली. त्यांच्या शेवटच्या दिवसांत निरंजन त्यांच्याजवळ होता. गोष्ट तो अजून सांगतो, आणि सांगून झाली की माझ्याकडे बघतो, कारण साक्षीला आता मीच उरले आहे.

"हो ना," मी म्हणते. "त्यांना काहीच कळलं नव्हतं."